आत्म्याला नाव नसतं

वैजूची आई प्रभावती घर सोडून कायमची मठात राहायला निघाली, तेव्हा कॉलेज सोडून घरी बसलेली वैजू तिच्या मागोमाग थेट सत्संगात जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझी आई चार वर्षं तुमच्या समोर बसते. तिचं नाव सांगा बरं."

महाराज गोड हसले. "बाळ, आत्म्याला नाव नसतं. मला सगळे आत्मे सारखेच."

"मग तर सोपंच झालं," वैजू म्हणाली. "हिला मी घरी नेते. हिच्या जागी दुसरा कुठलाही आत्मा बसवा. तुम्हाला फरक पडायचा नाही, मला पडतो."

मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळा मंडपच हसला. महाराजांनी घाईघाईनं पुढचं भजन धरलं. आई उठून वैजूबरोबर निघाली.

वाटेत ती एवढंच म्हणाली, "तिथं रोज 'आलीस का माय' म्हणायचे गं."

"ते सगळ्यांनाच म्हणतात."

"म्हणू देत की. त्यात मीही होते ना."

घरी वैजूचे वडील, अप्पा, पेपर वाचत होते. जन्मभर गावाला संस्कार शिकवत आलेल्या या गृहस्थानं मानही वर केली नाही. "अगं ए, चहा टाक."

वैजूचं डोकं फिरलं. "अप्पा, तिला नावानं हाक मारा."

"नाव घ्यायला आज काय लग्न आहे?"

"लग्नात घेतलेलं तरी आठवतंय का?"

अप्पांनी पान उलटलं.

वैजूनं वळून पाहिलं. आई उंबऱ्याबाहेरच उभी होती. तिनं चपला काढल्या नव्हत्या.