गेनबाचं राईट

माळावरच्या एका गावात एक भोळा माणूस होता. नाव गेनबा. तिशीला टेकला तरी लग्न जमेना. शेवटी खोऱ्यातले दाजीबा कबूल झाले. म्हणाले, "पोरगी देतो. पण जावई कुठंतरी कामाला टिकलेला पाहिजे."

गेनबाच्या मामांचा टेंपो होता. त्यांनी त्याला मागं उभं केलं. म्हणाले, "माल चढला की राईट म्हणायचं. मग मी गाडी सोडतो."

"राईट म्हणजे काय, मामा?"

"म्हणजे चला."

"मग चलाच म्हणतो की."

"चला म्हटलं की माणसं चालायला लागतात. राईट म्हटलं की गाडी चालते."

गेनबाला पटलं. "हा शब्द आला कुठनं?"

"साहेबाबरोबर आला. साहेब गेला, हा राहिला."

"न्यायला इसरला असंल."

पहिल्या दिवशी कांद्याची पोती चढली. गेनबा म्हणाला, "राईट!" गाडी सुटली. पोत्यांवर हमाल तसाच होता. तो दोन गावं पुढं गेला.

मामा म्हणाले, "येड्या, माणूस उतरला का बघावं. उतरला की मग राईट."

"बरं, मामा."

दुसऱ्या दिवशी बाजारची माणसं बसली. वाटेत पारूआजी पाणी प्यायला उतरल्या. माणूस उतरला. गेनबा म्हणाला, "राईट!" पारूआजींच्या कोंबड्या सकाळी बाजारात पोचल्या. पारूआजी दुपारी, चालत.

"मुडद्या, कोंबड्या काय आपापल्या इकायच्या व्हत्या?"

मामा म्हणाले, "खाली कुणी राहिलं का बघावं. कुणी राहिलं नसलं, तरच राईट."

"बरं, मामा."

तिसऱ्या दिवशी गाडीत गुरुजी होते. फाट्यावर मामांनी विचारलं, "वाट सरळच ना?" गुरुजी म्हणाले, "राईट!" मामांनी गाडी उजवीकडं घातली. ती ओढ्यात बसली.

गुरुजी म्हणाले, "अहो, मी बरोबर म्हणालो!"

मामा म्हणाले, "मला उजवीकडं वाटलं!"

गेनबा म्हणाला, "मला तर चला वाटलं. एवढ्या कामांना साहेबाकडं एकच शब्द? गरीब असंल बिचारा."

मामांनी कपाळाला हात लावला. "आजपासून राईट फक्त गेनबा म्हणंल. तेही वर बसून नाही. खाली उतरायचं, गाडीभोवती फिरायचं, सगळे वर आहेत का बघायचं, मग म्हणायचं."

गेनबानं हे मनावर घेतलं. महिनाभर एकही चूक नाही. दाजीबा खूश झाले. तिथी धरली. निरोप मात्र कडक धाडला, "मुहूर्त बाराचा. बाराला नवरदेव मांडवात दिसला नाही, तर पोरगी दुसऱ्याला."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड टेंपोत बसलं. नवरदेव बाशिंग बांधून मागच्या फाळक्याशी. निम्म्या वाटेत इंजिन तापलं. सगळे उतरले, पाय मोकळे केले. मामांनी पाणी ओतलं. साडेअकरा झाले. मामा ओरडले, "चढा, चढा! मुहूर्त टळंल!"

सगळे चढले. बायकांनी गाणं धरलं. पुढनं मामांनी हाक दिली, "हं! कोण राहिलं का रे?"

गेनबा खाली उतरला. बाशिंग सावरत गाडीभोवती फिरला. चाकांखाली बघितलं. झाडामागं बघितलं. कुणी नव्हतं. मग छाती भरून म्हणाला, "राईट!"

गाडी सुटली. धुरळा खाली बसला.

एक मेंढपाळ तिथनं चालला होता. तो थबकला. "काय हो नवरदेव, वऱ्हाड कुठंय?"

"गेलं की," गेनबा म्हणाला. "येळंवर गेलं. आन् एक माणूस मागं राहू दिला न्हाई. मी सोता उतरून बघितलंय."