बाजाराच्या दिवशीचा प्रश्न

खूप वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकी किती ते मलाही कुणी सांगितलेले नाही, उत्तरेकडच्या थंड डोंगरांत एक छोटे राज्य होते. तिथले लोक मेंढ्या पाळत, जवाची पेज पीत आणि एकमेकांशी मनसोक्त भांडत. त्यांच्या दक्षिणेला, नदीपलीकडे, एक मोठे श्रीमंत राज्य होते. तिथला राजा हुशार होता. शेजारी लहान असला की हुशार राजाला काय सुचते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

डोंगरी राज्याची एक रीत होती. नव्या राजाला एका टेकडीवर नेत. तिथे एक करडा, सपाट दगड होता. एका ठरावीक घराण्यातले माणूस पुढे होई, त्याचा हात धरून त्याला दगडावर बसवी आणि म्हणे, "बस. आजपासून तू आमचा." एवढे झाले की तो राजा. त्याआधी त्याच्यामागे दहा हजार भाले असले तरी तो कुणीच नव्हे. आणि बसवणाऱ्याने पुढे कधी चारचौघांत म्हटले की 'मी याला बसवले नाही', तर त्या राजाचे राजेपण तिथेच संपले. या घराण्याकडे ना किल्ला होता, ना फौज. थोड्या मेंढ्या, एक जवाचे शेत आणि हा एवढा मान.

एके वर्षी तिथला राजा घोड्यासकट कड्यावरून कोसळला आणि मेला. त्याला मूलबाळ नव्हते. राज्यात बारा सरदार होते, आणि बाराही जण म्हणू लागले, "आता मीच." भांडण वाढत गेले. शेवटी त्यांनी ठरवले की दक्षिणेच्या राजाला पंच म्हणून बोलवावे. तो परका आहे, म्हणजे तो कुणाचीच बाजू घेणार नाही.

राजा आला. सोबत बरीच फौज घेऊन आला. बोलला मात्र फार गोड.

"न्याय करायला मला आवडेल. पण भांडणाऱ्यांच्या हाती किल्ले असले, तर पंचाचं ऐकणार कोण? निवाडा होईपर्यंत सगळ्या किल्ल्यांच्या चाव्या माझ्याकडे असू द्या."

आणि त्यांनी दिल्या. ही गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितली आहे, पण इथे आलो की माझा अजूनही विश्वास बसत नाही. लढाईत कधी पाठ न दाखवलेली बारा धिप्पाड माणसे रांगेत उभी राहिली आणि आपापल्या घराची चावी परक्याच्या ओंजळीत टाकून आली. कारण काय, तर चावी शेजारच्या सरदाराकडे गेली असती तर यांच्या पोटात दुखले असते. परक्याकडे गेली तर चालत होते.

शेवटची चावी हातात पडल्यावर राजा म्हणाला, "निवाडा झाला. हे राज्य माझं."

एक म्हातारा सरदार कसाबसा म्हणाला, "महाराज, तुम्ही तर न्याय करायला आला होतात."

"केला की. तुमच्यात राजा व्हायच्या लायकीचा एक जरी असता, तरी त्याने चावी दिली असती का?"

यावर कुणालाच काही बोलता आले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही येत नाही.

हा राजा नुसता लबाड नव्हता, कामाला पक्का होता. त्याने तो करडा दगड बैलगाडीत घालून दक्षिणेला नेला. बसवणाऱ्या घराण्याच्या कर्त्या पुरुषालाही बेड्या घालून नेले. दगड नाही, बसवणारा नाही, म्हणजे यापुढे राजा नाही. पण त्या पुरुषाला एक बहीण होती, आणि तिचे लग्न बारातल्याच एका सरदाराशी झालेले होते. लग्न होऊन गेलेल्या बाईला राजाने हिशेबातच धरले नाही.

दहा वर्षे गेली. मग एक तरुण सरदार बंड करून उठला आणि चार सरदार त्याच्याबरोबर गेले. बाकीचे कुंपणावर बसून राहिले. आपल्या बाईचा नवरा तर दक्षिणेच्या दरबारात शपथ घेऊन बसला होता. बाई घरी होती. तिच्या कानावर बातमी आली तशी तिने नवऱ्याचा सगळ्यात चांगला घोडा सोडला आणि दोन दिवस न थांबता ती टेकडीकडे दौडत गेली.

ती पोचली तेव्हा एक दिवस उशीर झाला होता. कुणा धर्मगुरूने तरुण सरदाराच्या कपाळाला सोन्याची पट्टी बांधून त्याला राजा म्हणून टाकले होते. पण लोकांना ते पटत नव्हते. लग्नात अंतरपाट धरायचाच राहून गेला, तर मंडळी जशी एकमेकांकडे बघतील, तसे सगळे बघत होते.

बाई घोड्यावरून उतरली आणि म्हणाली, "उठा. मी बसवते."

तोच म्हातारा सरदार चाचरत म्हणाला, "बाई, दगड कुठाय? दगड तर त्यांनी नेला."

"दगड नेला, घराणं राहिलंय."

तिने तरुण सरदाराचा हात धरला, त्याला ओल्या गवतावर बसवले आणि म्हणाली, "बस. आजपासून तू आमचा." म्हातारा सरदार लहान मुलासारखा रडू लागला. टेकडीवरचे सगळे लोक गुडघ्यांवर आले.

नशीब मात्र लगेच बदलले नाही. तीन महिन्यांत नवा राजा पहिली लढाई हरला आणि तीस माणसे घेऊन रानात शिरला. बाई पकडली गेली.

दक्षिणेच्या राजाला हे कळले तेव्हा तो हबकलाच. "कुणी बसवलं म्हणालात? बाईने?" असे त्याने तीनदा विचारले. मग त्याने जो हुकूम दिला, तो सांगताना माझी जीभ जड होते. पण गोष्ट सांगायला घेतली आहे, तर सांगितलेच पाहिजे.

डोंगरी राज्याच्या सरहद्दीवर बाजाराचे एक गाव होते. तिथल्या किल्ल्याच्या बुरुजाला, बाहेरच्या अंगाने, लाकडाचा आणि लोखंडाचा एक पिंजरा टांगायचा आणि बाईला त्यात ठेवायचे, असा तो हुकूम होता. पिंजऱ्यावर छप्पर नव्हते. जेवण बुरुजातल्या झरोक्यातून सरकवायचे, आणि आत मोरीपुरता आडोसा. ऊन, वारा, बर्फ, सगळे तिच्या अंगावर. आपण पोपटाचा पिंजरासुद्धा थंडीत घरात घेतो. पहिल्या दिवशी गावातल्या लोकांनी वर पाहिले आणि बाजार जागच्या जागी थांबला. त्या दिवशी कुणी मासळी घेतली नाही, कुणी लोकर विकली नाही. बघणाऱ्यांत दक्षिणेचे शिपाईही होते, आणि त्यांनाही वर बघवत नव्हते.

सुटकेची अट मात्र सोपी होती. दर बाजाराच्या दिवशी दवंडीवाला ढोल वाजवून लोक जमवणार आणि बाईला विचारणार, "तुम्ही कुणाला राजा म्हणून बसवलंत का?" तिने 'नाही' म्हटले की पिंजरा उघडणार आणि रानात लपलेला राजा कुणीच उरणार नाही. एवढ्या उंचावरून तिचा आवाज लोकांपर्यंत पोचणार नाही, म्हणून तिचे उत्तर बुरुजाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या दवंडीवाल्याने ऐकून मोठ्याने सगळ्यांना सांगायचे. 'नाही' हा शब्द शेवटच्या माणसालाही ऐकू गेला पाहिजे, म्हणून राजानेच ही सोय केली होती.

पहिल्या बाजारी ढोल वाजला. प्रश्न झाला.

"बसवलं," बाई म्हणाली. "राजा आहे."

दवंडीवाला हा दक्षिणेचा, पोटासाठी नोकरी करणारा माणूस होता. तो हुकुमाप्रमाणे लोकांकडे वळला आणि ओरडला, "बाई म्हणते, बसवलं. राजा आहे."

लोक एकमेकांकडे बघू लागले. टेकडीवर त्यांच्यापैकी एकही जण गेला नव्हता. आपल्याला राजा आहे, हे त्यांना आज समजले, आणि तेही दक्षिणेच्या राजाच्या ढोलावर.

पहिल्या हिवाळ्यात बाईचा नवरा तिला भेटायला आला. त्याला बुरुजाच्या झरोक्यापर्यंत जाऊ दिले.

"अगं, एका शब्दाचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. "म्हणून टाक आणि घरी चल. तुझे हात बघ कसे झालेत."

"अहो, एकच शब्द आहे, म्हणून तर म्हणत नाही."

"तो कसला राजा? तीस माणसं घेऊन रानात हिंडतोय. मेलाही असेल एव्हाना."

"राजा नाहीच म्हणता ना? मग माझा गुन्हा काय? एका माणसाला गवतावर बसवलं, एवढाच ना?" बाई थोडा वेळ खोकत राहिली. "गवतावर बसवल्याबद्दल कुणी पिंजरा करतं का? मी कुणालाही बसवलं नाही असं यांना खरंच वाटत असतं, तर मी आज घरी पेज ढवळत असते. मी राजा केलाय हे माझ्यापेक्षा तुमच्या राजालाच जास्त पटलंय."

नवऱ्याच्या पायाखालची जमीनच सरकली. इतकी वर्षे दरबारात बसून ही साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. तो खाली उतरला.

झरोक्याशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने हे बोलणे घरी जाऊन बायकोला सांगितले. तिने ते मासळीवालीला सांगितले. मग काय, ते लोकरीच्या गाठोड्यांबरोबर डोंगराडोंगरांत पोचले. कुंपणावर बसलेले सरदार अस्वस्थ झाले. दुसऱ्या वर्षी त्यांच्यातले दोघे रानात गेले, तिसऱ्या वर्षी आणखी तिघे.

किल्लेदार घाबरला. त्याने राजाला लिहिले, "महाराज, हा प्रश्न आता बंद करावा. दर बाजारी आपलाच ढोल लोकांना जमवतो आणि आपलाच माणूस त्यांना सांगतो की तुम्हाला राजा आहे." राजाचे उत्तर आले, "ती नाही म्हणेपर्यंत विचारत राहा." माणूस हट्टाला पेटला की हुशारीचे काय होते, ते बघा.

चौथ्या हिवाळ्यात बाईचा आवाज गेला.

त्या बाजारी तिचा नवराही घोड्यावरून आला होता, अंगावर दक्षिणेचे कपडे आणि बरोबर गाडी घेऊन. आज तरी ती 'नाही' म्हणेल आणि आपण तिला घरी नेऊ, अशी त्याला आशा होती. ढोल वाजला. प्रश्न झाला. वर बाईचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. किल्लेदाराने पुन्हा विचारायला लावले. आणखी एकदा विचारायला लावले. मग त्याचा चेहरा खुलला.

"ऐका सगळे," तो म्हणाला. "बाई गप्प आहे. म्हणजे तिने कुणालाच बसवलेलं नाही. राजा नाही." आणि दवंडीवाल्याला म्हणाला, "सांग यांना."

दवंडीवाला लोकांकडे वळला. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि नेहमीच्या आवाजात ओरडला, "बाई म्हणते, बसवलं. राजा आहे."

सगळा बाजार दचकला. सगळ्यात जास्त दचकला तो दवंडीवालाच. त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. सवयीने बोलला की मनापासून, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसावे.

किल्लेदार पांढराफटक पडला होता. "ती बोलली का?"

"नाही बोलली, सरकार."

"मग तू कसं सांगितलंस?"

दवंडीवाल्याने वर पिंजऱ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "चार वर्षं मीच सांगतोय, सरकार. तिचं उत्तर बदललेलं नाही."

"धरा त्याला," किल्लेदार किंचाळला.

शिपाई पुढे झाले, पण बाईचा नवरा घोड्यावरून उतरून दवंडीवाल्याच्या पुढे येऊन उभा राहिला. त्याच्याशेजारी मासळीवाली आली. मग लोकरवाले, गाडीवान, सगळा बाजार आला. किल्ल्याचा दरवाजा बाजारासाठी उघडाच होता. शिपायांना काय चालले आहे तेच उमगेना, आणि उमगले तेव्हा त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी भाले खाली ठेवले. चार वर्षे तेही वर बघतच होते ना. दिवस मावळायच्या आत पिंजरा खाली उतरला होता.

पुढे ही बातमी दक्षिणेच्या राजाला कळली. "कोण म्हणालं, राजा आहे म्हणून?" त्याने विचारले. "आपला दवंडीवाला, महाराज," असे उत्तर आले. तसा तो फौज घेऊन निघाला आणि वाटेतच तापाने मेला. त्यानंतरही लढाया झाल्या, पुष्कळ झाल्या. पण बारा सरदार आता एका बाजूला होते. एकेक करून सगळ्या चाव्या परत आल्या.

बाईचे काय झाले, ते सांगायचे राहिले. पिंजऱ्यातून काढले तेव्हा तिला सरळ उभे राहता येईना. मासळीवालीने तिला आपल्या घरी नेले, चुलीशेजारी निजवले आणि गरम पेज पाजली. दोन दिवसांनी बाईच्या घशातून पहिल्यांदा शब्द निघाले. ती म्हणाली, "आता मला कुणी काही विचारू नका."

आठव्या दिवशी राजा रानातून आला. सोबत सरदार होते, झेंडे होते. दाराच्या पायरीवर बाईचा नवरा बसला होता. त्यालाही अजून आत घेतलेले नव्हते. राजा उंबऱ्याशी गेला तशी मासळीवाली दार अडवून उभी राहिली.

"मी फक्त विचारायला आलोय," राजा म्हणाला. "तिला काय हवं, ते."

"तेच नकोय तिला," मासळीवाली म्हणाली. "कुणी काही विचारायचं नाही, असं सांगितलंय बाईनं."

सरदारांचे डोळे विस्फारले. राजाला कुणी असे उंबऱ्यावर अडवते का? राजा मात्र बाईच्या नवऱ्याशेजारी पायरीवर बसला आणि दुपार टळेपर्यंत बसून राहिला. त्या दिवशी त्याला आत घेतले नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला.

तात्पर्य : जे नाहीच असे वदवून घ्यायला पिंजरा लागतो, ते असतेच.