दोराचं दुसरं टोक

“आणि ‘ती नाही, मी तुझी खरी आजी’ हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं?”

सिस्टर सेराफीन मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी ‘ओला’ म्हणा.”

“म्हणजे?”

“म्हणजे नमस्कार.”

“अहो, मी मुद्द्याचं विचारतेय.”

“मीही मुद्द्याचंच सांगतेय...”

हेमलताबाई दिघे गप्प बसल्या. गप्प बसण्याची त्यांना सवय नव्हती. उभं आयुष्य मुख्याध्यापिका म्हणून काढलेलं. गप्प बसायचं ते समोरच्यानं.

पण गरज होती. त्यांचा एकुलता एक शशांक स्पेनमध्ये वालेन्सियाला नोकरी करत होता. तिथलीच मुलगी त्यानं केली. तेही बाईंनी गिळलं. पण आता चार वर्षांची रेवा होती. आणि ती रेवा, म्हणजे दुधावरची साय, रोज उठून दुसऱ्याच बाईच्या मांडीवर बसत होती.

ती दुसरी बाई म्हणजे सुनेची आई. आंपारो.

आंपारो घराखालच्या मजल्यावरच राहायची. रेवाला शाळेतून आणायची, भात भरवायची, वेणी घालायची. आणि दर रविवारी फोनच्या पडद्यावर, रेवाला मांडीत घेऊन, बाईंकडे बघून हसायची. त्या हसण्यानं हेमलताबाईंचा जीव जळायचा. पोर आमची, नाव आमचं, आणि आयत्या बिळावर ही नागोबा! रेवा बाईंशी बोलायची ते बापानं शिकवलेले चारदोन शब्द. आजी. नको. बाऊ. तेवढे झाले की ती आंपारोच्या गळ्यात हात टाकून स्पॅनिशमध्ये भडाभडा बोलत सुटायची, आणि इकडे आजी पडद्यासमोर बसून राहायची.

म्हणून त्या विरारहून रिक्षा करून वसईच्या या वाडीत आल्या होत्या. सिस्टरांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं बोलिव्हियाच्या डोंगरात, स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांत काढली होती. आता म्हातारपणी त्या इथल्या सिस्टरांच्या घरात परतल्या होत्या. सकाळी प्रार्थना, मग केळीला पाणी, मग जे काही सोलायचं असेल ते सोलणं. स्पॅनिश शिकवता का, असं विचारल्यावर त्यांनी वालाचं अर्धं ताट बाईंपुढे सरकवलं होतं. ती होकाराची खूण होती, हे बाईंना ताट रिकामं झाल्यावर कळलं.

“ओला,” बाई म्हणाल्या.

“छान.”

“पुढे?”

“बुएनोस दीआस. सकाळचा नमस्कार. बुएनास तार्देस, दुपारनंतरचा. कोमो एस्तास? कशी आहेस तू?”

बाईंनी ते एकदाच ऐकलं आणि जसंच्या तसं म्हणून दाखवलं. कान तयार होता. उच्चार तर असा खणखणीत की केळीतला बगळा उडाला.

“आता तुम्ही मला विचारा,” सिस्टर म्हणाल्या.

“कोमो एस्तास? मुई ब्येन, ग्रासियास. इ तू? मुई ब्येन. पुढे?”

सिस्टरांचा हात थांबला. कशी आहेस, छान आहे, आभार, आणि तू, छान... सगळं बाईंनीच एका दमात उरकलं होतं.

“मी अजून बोलले नव्हते, बाई.”

“तुमचंही मला येतं.”

“हो?”

“पुस्तक आणलंय मी. त्यातली सगळी संभाषणं पाठ केली. दोन्ही बाजू. धडा अर्धा सोडायची आमच्यात पद्धत नाही.”

सिस्टरांनी एक वाल सोलला. मग दुसरा.

“आता मोठ्या माणसांसाठी,” त्या म्हणाल्या. “कोमो एस्ता उस्तेद? आपण कशा आहात?”

“हे नको.”

“का?”

“मला मोठ्या माणसांशी बोलायचं नाही. तिथं मोठं माणूस एकच आहे.”

“तिच्याशी नाही बोलायचं?”

“विहिणीशी? मी? ती काय पाय धुवायला येणार आहे माझे? आजवर कधी एक शब्द मराठी बोलली नाही ती!”

“आणि तुम्ही तिच्याशी...?”

“मी का म्हणून?”

सिस्टरांनी ‘उस्तेद’ तिथंच, सालांच्या ढिगात, सोडून दिलं.

पुढचे काही दिवस बाई रोज येत राहिल्या. जेवलीस का, काय जेवलीस, शाळा कशी होती, मला तू फार आवडतेस, सगळं त्यांनी शिकून घेतलं. विचारायचंही आणि उत्तरायचंही. रिक्षावाला आरशातून बघायचा, की या बाई मागे कुणाशी बोलतायत. घरी कुकरच्या शिट्ट्यांवर त्यांची उजळणी चालायची. मत्सराची आग भल्याभल्यांना आंधळं करते, बाईंना तिनं हुशार केलं होतं. येत्या रविवारी त्या आंपारोचं हसू उतरवायचंच, असा पण होता.

रविवार उजाडला. इकडे संध्याकाळ होती, तिकडे दुपार. बाईंनी ठेवणीतली नारायणपेठी नेसली. फोन डब्याला टेकवून उभा केला.

पडद्यावर तेच चित्र. आंपारो, मांडीवर रेवा, रेवाच्या हातात सोललेलं संत्रं.

बाईंनी श्वास घेतला.

“ओला, रेवा! कोमो एस्तास? मुई ब्येन, ग्रासियास. इ तू? मुई ब्येन...”

आणि गाडी सुटली ती सुटलीच. काय जेवलीस, भात जेवले, शाळा कशी होती, छान होती, मला तू आवडतेस, मलाही तू आवडतेस! एक चूक नाही. एक अडखळ नाही. बक्षीस समारंभात करावं तसं भाषण.

रेवा टकामका बघत राहिली. संत्र्याची फोड तिच्या हातातच राहिली. मग तिनं तोंड फिरवलं आणि आंपारोच्या कुशीत लपवलं.

आंपारोनं मात्र टाळ्या वाजवल्या. हसली.

बाईंनी फोन बंद केला. नेट गेलं, असं नंतर शशांकला सांगितलं. मग नारायणपेठीतच त्या ओट्याला टेकून रडल्या. सातासमुद्रापलीकडच्या बाईनं आपल्या घरात, आपल्याच स्वयंपाकघरात येऊन आपल्याला हरवलं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या वाडीत आल्या त्या तणतणतच.

“पढवलंय तिनं पोरीला! नक्की पढवलंय! मी एवढं बोलले, रेवानं एक शब्द उच्चारला नाही.”

सिस्टर विहिरीपाशी उभ्या होत्या.

“तुम्ही काय काय बोललात?”

बाईंनी सगळं म्हणून दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही बाजू.

“सुंदर,” सिस्टर म्हणाल्या. “आणि रेवा कधी बोलणार होती?”

“म्हणजे?”

“ह्यात तिनं कुठं बोलायचं होतं?”

बाई मनातल्या मनात सगळं परत म्हणून बघू लागल्या.

“तिचंही तुम्हाला येत होतं ना.”

बाईंचा चेहरा लाल झाला. इतकी वर्षं प्रश्न विचारण्यात गेली होती. निरुत्तर होणं काय असतं ते मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं, स्वतःच्या नाही.

“ते जाऊ द्या हो! खरं सांगू? माझं दुखणं भाषेचं नाहीच. ती बाई मला नको आहे. मला माझी नात हवी आहे. पूर्ण. मधे कुणी नको.”

बोलून झाल्यावर त्यांनाच ते फार मोठ्यानं ऐकू आलं.

सिस्टरांनी खुंटीवरचा काथ्याचा जुना दोर काढला. पंप आल्यापासून तो तिथंच लटकत होता. त्याची दोन्ही टोकं त्यांनी बाईंच्या हातात दिली.

आणि स्वतः चार पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या. पांढऱ्या साडीच्या निऱ्या त्यांनी घोट्याच्या वर उचलून धरल्या.

“हे काय?”

“दोरीच्या उड्या. मी उडी मारते. तुम्ही फिरवा.”

“सिस्टर, वय काय तुमचं!”

“फिरवा.”

“पडाल!”

“फिरवा ना.”

ऐंशी ओलांडलेली ती बाई निऱ्या धरून, एक पाय किंचित पुढे टाकून, शाळेतल्या मुलीसारखी तयार उभी होती. वाडीतून कुणी येतंय का, हे बाईंनी आधी बघून घेतलं. मग नाइलाजानं दोर फिरवला. तो त्यांच्याच डोक्यावरून आला आणि त्यांच्याच पायात अडकला.

“परत.”

परत तेच. काथ्या पोटरीला सणसणीत लागला.

“मी कधीची उभी आहे, बाई.”

“अहो, कसं होईल?” बाई कावल्या. “दोन्ही टोकं माझ्याच हातात! असं फक्त मीच उडी मारू शकते. तुम्हाला मधे यायचं तर दुसरं टोक कुणीतरी धरायला नको का?”

सिस्टरांनी निऱ्या सोडल्या. साडी सारखी केली.

“धरलंय,” त्या म्हणाल्या. “तिकडे. केव्हाचं.”

आणि वाल सोलायला निघून गेल्या.

बाईंनी हातातल्या दोन्ही टोकांकडे बघितलं, मग दोर नीट गुंडाळून खुंटीला अडकवला. त्या दिवशी धडा झाला नाही. कुणी मागितलाही नाही.

पुढच्या रविवारी बाईंनी घरातलीच साडी नेसली. फोन लागला. आंपारो, मांडीवर रेवा. तेच हसू. पोटात तोच डोंब उसळला. बाईंनी तो तसाच उसळू दिला.

“ओला, आंपारो,” त्या म्हणाल्या. नाव पहिल्यांदाच तोंडात आलं. आणि सालांच्या ढिगात सोडलेलं ते वाक्य त्यांना नको असताना आठवलं. “कोमो एस्ता उस्तेद?”

आणि थांबल्या.

ते थांबणं फार जड गेलं. पुढचं सगळं पाठ होतं, जिभेवर येऊन उभं होतं. त्यांनी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं.

आंपारोचं हसू विरलं. तिनं स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. मला? मला विचारताय?

बाईंनी मान डोलावली.

मग ती बाई बोलू लागली. खूप बोलली. बाईंना त्यातलं अक्षरही कळलं नाही. पुस्तकात होतं तसं ‘मुई ब्येन’ तिच्या उत्तरात कुठंच आलं नाही. ती गुडघ्यावरून हात फिरवत होती, जिन्याकडे बोट दाखवत होती. एकदा तिचा आवाज कापरा झाला. बोलताना ती म्हातारी दिसत होती. इतके रविवार बघूनही बाईंनी ते पाहिलं नव्हतं.

“शशांक, काय म्हणतायत रे त्या?” बाईंनी विचारलं. पण शशांक खोलीत नव्हता.

रेवानं एकदा या आजीकडे बघितलं, एकदा त्या आजीकडे. हिला काहीच कळत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं. ती मांडीवरून खाली उतरली, आंपारोच्या गुडघ्यावर थाप मारून धावत फोनच्या अगदी जवळ आली, आणि म्हणाली,

“आजी... बाऊ!”

बाईंनी आपला गुडघा दोन्ही हातांनी दाबून दाखवला. “मला पण बाऊ!”

रेवाचे डोळे विस्फारले. एवढी मोठी बातमी! ती धावत आंपारोकडे गेली, तिला स्पॅनिशमध्ये सांगितली. आंपारोनं कुठला गुडघा ते विचारलं. रेवा धावत फोनकडे आली. बाईंनी डावा दाखवला. रेवा परत धावली. इकडून तिकडे, तिकडून इकडे, खिदळत, धापा टाकत, पोर थकेना.

सोमवारी बाई वाडीत आल्या. विचारल्याशिवायच ताट पुढे ओढलं आणि सोलायला बसल्या. सगळं सांगितलं. गुडघ्याचं, धावण्याचं, खिदळण्याचं.

सिस्टर ऐकत होत्या.

“शेवटी जेवायची वेळ झाली,” बाई म्हणाल्या. “तेव्हा पोर तिच्याच गळ्यात पडली. तिच्याच हातचं जेवली. माझ्या हातच्या वालाच्या बिरड्याची चव तिला ठाऊकसुद्धा नाही.”

त्यांच्या हातातला वाल तसाच राहिला.

“मला वाटलं होतं, एकदा तिला ‘ओला’ म्हटलं की हे थांबेल. नाही थांबत... अजून जळतं, सिस्टर.”

“दोराचं तुमचं टोक सोडलंत?”

“नाही.”

“मग हात दुखणारच, बाई.”