चार नंबरची टाच

त्या दिवशी ऊन नव्हतं आणि सावलीही नव्हती. आभाळ नुसतं पांढरं पडलेलं. वारा असा थांबलेला, की चिंचेचं पान हलेल तर शपथ.

"मग कापू का, तात्या?" शिवदासनं विचारलं.

तातोबा त्याचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. चपला शिवायला शिकवणारे गुरूही तेच. ते कातडं भिजवत होते.

शिवदासनं पत्र्याचे सात साचे पुढं मांडले. पाच गावांतल्या दोनशे बायकांच्या टाचा त्यानं मापल्या होत्या. बेरजा करून, भागून सात नंबर काढले होते. शहरातल्या दुकानाला तीनशे जोड्या हव्या होत्या, सगळ्या चार नंबरच्या. अख्ख्या गल्लीचं कातडं त्यात जाणार होतं. आणि एकदा कापलेलं कातडं काही सांधता येत नाही.

"आता एकेकीचा पाय कागदावर आखत बसायला नको," तो म्हणाला. "चार नंबर म्हंजे समद्यांस्नी चालणारी टाच."

"कुणाची हाय?"

"कुणाची म्हंजे?"

"एक बाई दाव. दोन्ही टाचा साच्यात बसणारी. मग काप."

शिवदास हसतच निघाला. पहिली घरचीच, बायको हौसा. तिची डावी टाच सूतभर जास्त निघाली.

"साचा बरुबर हाय, हौसे. तुझी टाचच वाकडी."

"व्हय तर! बापानं वाकडीच दिलीया. धाडा की माघारी!"

पुढच्या घरी उजवी कमी भरली. त्याच्या पुढं भेगांनी पसरलेली. घागरी वाहणारीची एका अंगाला झिजलेली. अठ्ठावीस घरं झाली...

भर दुपारी ओढ्यापाशी एक बाई दगडावर पाय सोडून बसलेली दिसली.

"बाई, जरा टाच दावता का?"

तिनं पाय पुढं केला.

डावी बसली. उजवी बसली. केसभर जागा उरली नाही. टाचेला एक भेग नव्हती. आणि एवढ्या उकाड्यात ती विहिरीतल्या दगडासारखी गार.

शिवदास पळतच आला.

"तात्या, घावली! दोन्ही बसल्या!"

तातोबांचे हात पाण्यात थांबले.

"नाव काय तिचं?"

"...इचारलं न्हाई."

"कुणाच्या घरातली?"

"म्या टाचाच बघितल्या, तात्या."

"तोंड तरी बघितलं असशील."

शिवदासनं आठवून पाहिलं. नाक हौसाचं वाटलं. मग पलीकडच्या घरातलीचं. मग त्याच्या मेलेल्या आईचं... माप घेतलेली बोटं अजून गारच होती.

"समद्यांसारखं हुतं," तो हळू म्हणाला.

तातोबांनी हात पुसले. कातडं कापायची रापी उचलून त्याच्यापुढं ठेवली.

"काप मग. तीनशेच्या तीनशे तिलाच येतील... न्यायला आली, की दार तेवढं तूच उघड, बाबा."