मासे येईपर्यंत

पूर्वी शिलावती नगरात महाकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगरातल्या शबरांच्या पाड्यावर जन्माला आला होता. त्याचे नाव खदिर. कंद खणावेत, मध काढावा, असा त्याचा संसार. अक्षराशी त्याची ओळख नव्हती. त्याच नगरात सोमिल नावाचा राजवैद्य होता, आणि ही कथा खरे तर त्याच्या जिवाच्या घालमेलीची आहे.

लागोपाठ दोन वर्षे पाऊस पडला नाही. कोठारे झाडून पुसून रिकामी झाली. राजाने सोमिलाला बोलावून सांगितले, "वैद्यराज, लोकांच्या पोटात काय घालायचे ते आता तुम्हीच शोधा." शबर लोक कडूकंद खाऊन जगतात, असे सोमिलाने ऐकले होते. कडूकंद विषारी, हे त्याच्या ग्रंथात होते. मग शबर मरत कसे नाहीत, हे मात्र नव्हते. तो पाड्यावर गेला. खदिराने काहीही हातचे न राखता त्याला सगळे दाखवले. कंदाचे पातळ काप करायचे, राख चोळायची, टोपलीत भरून वाहत्या धारेत ठेवायचे आणि थांबायचे.

"किती थांबायचं?" सोमिलाने लेखणी सरसावून विचारले.

"मासे येऊन टोपलीला तोंड लावतील तोवर. नदीच्या लेकरांचा घास आधी. मग उकडायचं आणि आपण खायचं."

"मासे कशासाठी?"

"ते मला ठाऊक नाही, वैद्यराज. माझी आजी थांबायची, म्हणून मी थांबतो."

सोमिल गालातल्या गालात हसला. काय तरी एकेक भाबड्या समजुती! विष जाते ते राखेने आणि आगीने, असे त्याची विद्या त्याला सांगत होती, आणि नदीची लेकरे त्या विद्येत कुठेच बसत नव्हती. त्याने ताडपत्रावर लिहिले: काप, राख, उकळणे. धारेत ठेवून माशांची वाट पाहण्याचे त्याने गाळले.

घरी त्याची म्हातारी आई चार दिवसांची उपाशी होती. त्याने कंद चिरला, राख चोळली, चांगला दोन वेळा उकळला आणि स्वतःच्या हाताने तिला भरवला. "घशात जरा खाजतंय रे," म्हातारी म्हणाली, "पण चालेल." थोड्याच वेळात तिची जीभ जड झाली, ओकाऱ्या सुरू झाल्या, पायांतले बळ गेले. सोमिलाच्या तोंडचे पाणी पळाले. शेजारी विचारू लागले तेव्हा तो म्हणाला, "उपासानं झालंय." हे बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, तरी जो कोणी विचारील त्याला तो हेच सांगत राहिला.

इकडे नगराला कंद वाटणार अशी राजाची दवंडी पिटून झाली होती आणि कंदांनी भरलेल्या गाड्या वेशीत उभ्या होत्या. सोमिलाने घाईघाईने खदिराला निरोप धाडला, 'तूच ये आणि तुझ्या रीतीने कर.' का, ते त्याने सांगितले नाही. खदिर आपली माणसे घेऊन आला. नगराबाहेरच्या नदीत त्यांनी शेकडो टोपल्या ओळीने मांडल्या. "नेहमी तीनेक दिवस लागतात," तो म्हणाला. त्या तीन दिवसांत सोमिल एका जागी म्हणून टेकला नाही. घरी जाई, आईचे पाय चोळी, लगेच नदीवर येई, टोपलीत डोकावे, पुन्हा घरी पळे.

तिसऱ्या दिवशी दुपारी सारे नगर पत्रावळी घेऊन काठावर लोटले.

"झाले ना रे तीन दिवस?" सोमिलाने खदिराला विचारले.

"झाले. पण मासे आले नाहीत."

"अरे, लोकांचा जीव चाललाय!"

"दिसतंय मला. माझ्याही पोटात कालपासून काही नाही."

कडेवर पोर घेतलेली एक कुंभारीण पुढे झाली. "तुम्ही माशांची वाट बघा. माझ्या पोरीनं कोणाची वाट बघायची?" तिच्यामागून लोक खवळले. हा शबर कंद आपल्या लोकांसाठी दाबून ठेवतोय, असेही कोणी ओरडले. चारपाच जण पाण्यात उतरले आणि त्यांनी एक टोपली बाहेर ओढली.

खदिर रागावला नाही. त्याने त्या टोपलीतून मूठभर काप उचलले. "बाबांनो, एवढ्या जणांना मी अडवू शकत नाही," तो म्हणाला. "पण आधी मी खातो. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघत बसा. माझ्या पायांनी चालत डोंगराकडे गेलो, तर खुशाल खा. पडलो, तर टोपली परत पाण्यात ठेवा." आणि त्याने हात तोंडाकडे नेला.

सोमिलाच्या डोळ्यांपुढे आईचे पाय आले. आपण गप्प राहिलो तर सारे परस्पर निभावेल, हेही त्याच क्षणी त्याच्या मनात आले. शबर पडेल, लोक थांबतील, दोष कंदावर आणि शबरावर जाईल, आणि राजवैद्याचे नाव स्वच्छ राहील. असले काही आपल्या मनात येऊ शकते याची त्याला किळस आली. तो तसाच पाण्यात घुसला आणि खदिराच्या हातावर त्याने फटका मारला.

"खाऊ नका! कोणीच खाऊ नका!" तो ओरडला. "माझी आई उपासानं पडलेली नाही. याने सांगितलेलं मी गाळलं आणि हाच कंद तिला माझ्या हाताने भरवला."

मग कुंभारणीने विचारले, "आणि इतके दिवस बोलला नाहीत?"

"लाज वाटली," सोमिल म्हणाला.

त्याची मान खाली गेली. पाण्याकडे पाहता पाहता त्याला जे दिसले, ते गेले तीन दिवस त्याच्या समोरच होते. टोपल्यांच्या वरच्या अंगाला, जिकडून धार येत होती तिकडे, मासे वळवळत होते. खालच्या अंगाला, जिकडे धार वाहत जात होती तिकडे, एकही नव्हता.

"इकडे या, बघा!" त्याने लोकांना हात धरून धरून दाखवले. "विष अजून पाण्यात उतरतंय, म्हणून मासे खाली फिरकत नाहीत. यंदा धार बारीक आहे, तिला वेळ लागतोय. विष संपलं की ते आपण होऊन येतील."

"अगं बाई, असं होय!" कुंभारीण म्हणाली आणि पोरीला घेऊन काठावरच बसली. तिचे पाहून बाकीचेही बसले. राजाने आपल्या गोठ्यातले होते नव्हते ते दूध पोरांना वाटले.

"म्हणजे आजीला हे ठाऊक होतं तर!" खदिर हरखून म्हणाला.

"नाहीतर तिच्या आजीला," सोमिल म्हणाला.

पाचव्या दिवशी सकाळी मासे आले. आधी दोन, मग झुंडीच्या झुंडी टोपल्यांना लुचू लागल्या, आणि काठावर असा गलका उठला की घरात पडलेल्या म्हातारीलाही तो ऐकू गेला. कंद उकडले, नगर जेवले, कोणालाही काही झाले नाही. म्हातारीही पुढे काठी टेकत हिंडू लागली, लेकाने काही खायला आणले की ती आधी विचारी, "माशांना विचारलंस का रे?"

सोमिलाने ताडपत्र काढून लिहायला घेतले: पाच दिवस.

"पाच लिहू नका, वैद्यराज," खदिर म्हणाला. "पाणी जोरात असेल तेव्हा दोनच लागतील, आणखी आटलं तर सात. मासे लिहा."

सोमिलाने पाच खोडले आणि लिहिले, 'मासे येईपर्यंत थांबावे.' मग त्याने खाली लिहिले, 'हे खदिराने सांगितले होते. मी ऐकले नाही.'

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली, कारण त्या दिवशी सूत्रे मुखोद्गत असलेल्या एका भिक्षूने, पाण्यातले जीव मरू नयेत म्हणून ते निमूट गाळून पिणाऱ्या एका वृद्ध भिक्षूला एकही सूत्र म्हणता येत नाही म्हणून हिणवले होते. कथा संपवून शास्ते त्या भिक्षूला म्हणाले, "तेव्हाचा सोमिल वैद्य तू होतास. तुझ्या हातचा घास विश्वासाने खाणारी आई म्हणजे हा वृद्ध भिक्षू. काठावर बसून राहिलेले नगर म्हणजे आजची ही परिषद, आणि खदिर शबर मीच होतो." भिक्षू उठला आणि त्याने वृद्धाचे पाय धरले. कारण कळलेले नसतानाही, पोटात भूक असतानाही, दुसऱ्याच्या जिवासाठी जी थांबू शकते, ती क्षांती.