सावरखिंडीची बयाजा

मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढायचं आणि नाचणी त्याच पाठीवरून घाट उतरायची, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा सडक नव्हती. होती ती डोंगराला चिरून गेलेली सावरखिंड, आणि खिंडीच्या तोंडाशी त्याच नावाचं साठ उंबऱ्यांचं गाव.

या गावात बयाजा लग्न होऊन आली. तिचा बाप देशावरचा नावाजलेला वस्ताद होता. त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं लेकीच्या हातात लाठी दिली आणि स्वतः तिच्यासमोर उभा राहिला. सासरी पाठवताना तो म्हणाला होता, "पोरी, सावरखिंडीत पोरं चालायच्या आधी लाठी धरतात. समोर उभं राहणाऱ्याची तुला वानवा पडायची नाही." म्हणून बयाजाला वाटलं होतं, की पहिल्याच पहाटे आपल्याला जात्याच्या घरघरीआधी लाठ्यांचा खणखणाट ऐकू येईल.

पहाट झाली. जाती घरघरली. दुसरं काहीच ऐकू आलं नाही. पाण्याला जाताना तिनं पाहिलं, तालमीच्या दाराला कडी होती आणि कडीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. लाठ्याही दिसल्या. दोन बांबूंमध्ये त्या आडव्या बांधल्या होत्या, आणि त्यांच्यावर धुणी वाळत होती.

तिनं नवऱ्याला, भैरूला, विचारलं.

"हळू बोल," भैरू म्हणाला. "आई ऐकेल."

मग त्यानं सांगितलं. त्याचा थोरला भाऊ मालू तालमीत चुलतभावाबरोबर खेळत होता. चुलतभावाचा हात घामानं भिजला, लाठी निसटली, मालूच्या कानशिलावर बसली. तालमीच्या तांबड्या मातीत मालू गेला. त्याची आई कोंडाबाई रडली नाही. तिनं तबकात बेल-भंडार घेतला आणि साठच्या साठ उंबऱ्यांवर जाऊन शपथ घ्यायला लावली, की सावरखिंडीच्या माणसानं सावरखिंडीच्या माणसासमोर लाठी घेऊन उभं राहायचं नाही. गावानं शपथ घेतली. आईसमोर नाही म्हणणार कोण?

पण गावानं एक चूक केली. समोर कुणी नाही तर लाठी फिरवायची कशाला, असं म्हणून लोकांनी लाठीच सोडली. शपथ समोर उभं राहण्यापुरती होती, लाठी सोडण्याची नव्हती. साठ उंबऱ्यांत हा फरक कुणाच्या ध्यानात आला नाही. बयाजाच्या आला.

कोंडाबाई भात कांडत होती. बयाजा तिच्याजवळ जाऊन बसली.

"आत्याबाई, झाडासमोर उभं राहिलं तर शपथ मोडते का?"

कोंडाबाईनं मुसळ थांबवलं नाही. "झाड काय गावचं माणूस आहे? पण झाडाशी भांडणारीला लोक येडी म्हणतील."

"म्हणू देत."

"मग मला काय विचारतीस? भाकरी वेळेवर झाल्या म्हणजे झालं."

खिंडीच्या तोंडाशी एक थोरली काटेसावर होती. बयाजानं तिच्या बुंध्यावर चुन्यानं चार ठिपके दिले. एक कानशिलाचा, एक खांद्याचा, एक मनगटाचा, एक गुडघ्याचा. रोज पहाटे ती झाडाला सलामी द्यायची, पवित्रा घ्यायची आणि वार करायची. असं म्हणतात, की तिच्या लाठीनं बुंध्याचे काटे झडले आणि परत आले नाहीत. आजही त्या सावरीला पुरुषभर उंचीपर्यंत काटा नाही.

पण झाड उलटून वार करत नाही. म्हणून तिनं फांदीला दोर बांधून भोपळा टांगला. मारला की तो जायचा आणि दुप्पट जोरानं परत यायचा. पहिल्या दिवशी तो तिच्या कपाळावर बसला. पाणवठ्यावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता.

"भैरूची बायको पडली म्हणं?"

"पडली न्हवं, पाडली. भोपळ्यानं!"

"मग भाजी करायची की त्याची. जित्याला कशाला सोडला?"

बयाजा कपाळाला हळद लावून त्यांच्यामधूनच घागर घेऊन गेली आणि दुसऱ्या पहाटे तिथं दोन भोपळे टांगले. वर्षभरात ते पाच झाले. वर्ष संपलं तेव्हा पाचांमधला एकही तिला शिवत नव्हता.

मग ती सावलीशी खेळली. सकाळची सावली लांब, तिच्याशी लांबचा पवित्रा. दुपारची सावली पायाशी, तिच्याशी जवळचा. सावली कधी चुकत नाही, आणि आपण चुकलो की लगेच दाखवते. गुडघा ढिला पडला, खांदा उचलला गेला, सगळं जमिनीवर लिहून दाखवते. एवढा कडक वस्ताद तिच्या बापानंही पाहिला नसेल.

आणि चैत्रात सावरीची बोंडं फुटली, की कापूस उडायचा. वाऱ्यावर येणारं म्हातारीएवढं पांढरं पीस लाठीच्या टोकानं गाठायचं, पण शिवायचं नाही. लाठी जोरानं आणायची आणि पिसाच्या केसभर अलीकडे थांबवायची. यात तिची तीन वर्षं गेली. असं म्हणतात, की सातव्या चैत्रात बयाजा झाडाखाली असेपर्यंत तिच्या लाठीच्या वाऱ्यानं एकही पीस जमिनीला लागलं नाही. जोडीदाराशिवाय विद्या होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी सावरखिंडीला जाऊन ते झाड पाहावं.

याच वर्षांत घाटात हैबतीची टोळी आली. पहिल्या वर्षी त्यांनी धान्य नेलं. दुसऱ्या वर्षी गाई नेल्या. गावातले पुरुष पोराबाळांना घेऊन रानात लपले, कारण लाठी धरायची कशी हे त्यांचे हात विसरले होते. तिसऱ्या वर्षी चैत्रात निरोप आला, की आता बैल न्यायला येतो.

बैल गेले तर मीठ कशावर आणायचं? नांगर कशानं ओढायचा? देवळासमोर गाव जमलं. दत्तोजी पाटील म्हणाले, "बैल द्यायचे आणि गाव उठवायचं. दुसरा मार्ग मला दिसत नाही." कुणी मान वर केली नाही.

मागं बायांमध्ये बयाजा उभी होती. तिनं पाटलांना विचारलं, "मामंजी, खिंड मधे किती रुंद आहे?"

"तुला ठाऊक नाही होय? लादलेला एक बैल जाईल एवढी."

"मग माझ्यासमोर एका वेळी एकच माणूस येणार. सात वर्षांत मला तेवढासुद्धा मिळाला नाही."

कुणीतरी खुसकन हसलं. पण भैरू उठला, बायकोजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तिच्या मागं मी आहे. लाठी मला येत नाही. दगड मारता येतात."

दुसऱ्या दिवशी ऊन चढता चढता हैबती आला. मागं बावीस माणसं होती. खिंडीच्या सर्वांत अरुंद जागी कासोटा घट्ट खोचून एक बाई उभी होती, आणि तिच्याभोवती सावरीचा कापूस उडत होता.

"बाजूला हो, बाई," हैबतीनं तलवार उपसली. "माझी वाट आहे."

बयाजानं त्याला सलामी दिली. देव्हाऱ्यापुढे वाकावं तशी वाकून दिली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"ये," ती म्हणाली. "सात वर्षांत तू पहिलाच आहेस. जरा सावकाश ये, मला बघू दे."

हैबती हसला आणि धावून आला. कापसाशी खेळलेल्या डोळ्यांना तो फार हळू आला. चुन्याचा तिसरा ठिपका जिथं होता तिथं लाठी बसली. तलवार दरीत गेली आणि मनगट मोडल्याचा आवाज खिंडीत घुमला. बयाजा दचकली. जित्या माणसाला तिनं आजवर मारलंच नव्हतं.

"लागलं का रे?" असं तिनं विचारलं, असं म्हणतात.

मग दुसरा आला, तिसरा आला. कुणी सांगतं नऊ पडले, कुणी सांगतं एकोणीस. म्हातारे तर सांगतात, की लाठी दिसतच नव्हती, नुसता वारा फिरत होता आणि माणसं बसत होती. एक गोष्ट मात्र सगळे सारखीच सांगतात. कानशिलाकडे गेलेला प्रत्येक वार केसभर अलीकडे थांबला. त्या दिवशी खिंडीत एकही माणूस मेला नाही. उरलेले पळाले, लंगडणाऱ्यांना त्यांनी नेलं, पण मोडक्या मनगटाचा हैबती तिथंच बसून राहिला. गावाचे बैल गोठ्यातच रवंथ करत होते.

हैबतीचा हात कोंडाबाईनं बांबूच्या कामट्या लावून बांधला. "रडू नको," ती त्याला म्हणाली. "हात मोडला, डोकं शाबूत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांनी देवळात गाव बोलावलं. तबकात बेल-भंडार होता. "ही शपथ आता देवाला परत देऊ," पाटील म्हणाले. "तालीम उघडू. बयाजा वस्ताद, आणि पोरं समोरासमोर खेळतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. जी पाणवठ्यावर भोपळ्याची भाजी कर म्हणाली होती, ती सर्वांत जोरानं हो म्हणाली.

बयाजाला हेच हवं होतं. समोर माणूस असण्याची गोडी तिला सात वर्षांनी काल परत मिळाली होती, आणि ती गोडी अजून हातात होती. पण तिची नजर खांबाकडे गेली. कोंडाबाई खांबाला टेकून उभी होती. नाही म्हणत नव्हती. फक्त पदराचं टोक तिनं मुठीत इतकं आवळलं होतं, की बोटं पांढरी पडली होती.

 बयाजा पायरीवर बसलेल्या हैबतीकडे वळली.

"तू कुठला?"

"घाटाखालचा."

"या गावात सोयरीक?"

"न्हाई, बाई."

"म्हणजे इथला नाहीस." तिनं तबक उचललं आणि सासूच्या हातात दिलं. "मामंजी, शपथ आहे तशी राहू दे. तालीम उघडा. ज्यानं त्यानं झाडासमोर, सावलीसमोर शिकावं, मी शिकवीन. आणि हा जायचा नाही. हात बरा होईस्तोवर आमच्या घरी भाकरी खाईल, आणि मग रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहील. शपथ गावच्या माणसाची आहे, याची नाही."

हैबती कळवळला. "त्यापरास मला किल्ल्यावर कैदेत नेऊन द्या की ओ!"

देऊळ हसलं. असं म्हणतात, की त्या हसण्यात कोंडाबाईचाही आवाज होता, मालू गेल्यानंतर पहिल्यांदाच.

ती शपथ सावरखिंडीनं अजून मोडलेली नाही. तिथली मुलं-मुली वर्षभर एकेकटी शिकतात. चैत्रात, बयाजाच्या दिवशी, तालमीची मोठी माणसं सकाळीच खिंडीत जाऊन थांबतात आणि घाट चढून येणाऱ्या पहिल्या परक्या माणसाला थांबवतात. तो व्यापारी असो, मेंढपाळ असो, नाहीतर वाट चुकलेला मास्तर. त्याला पाणी देतात, फेटा बांधतात, पुरणाच्या पानावर पहिला मान त्याचा असं सांगतात. लाठी येते की नाही, हे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच:

"पाहुणं, बयाजाच्या नावानं जरा समोर उभं राहता का?"