टिटवीची ओली पिसं

फार पूर्वी एका उघड्या माळावर टिटवीने खड्यांमध्येच अंडी घातली. ऊन तापलं, तशी बाभळीच्या ढोलीतली साळुंकी कळवळून म्हणाली, "अगं, भाजून निघतील गं तुझी लेकरं. थोडा पाला तरी पांघर त्यांच्यावर."

"हिरवं दिसलं की कावळा आधी तिथेच येईल," टिटवी म्हणाली. "खड्यांत ती खड्यांसारखीच दिसतात, ते बरं."

तिने तळ्यात पोटाची पिसं भिजवली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसली. दिवसभर अशाच खेपा चालल्या.

एकदा ती पाण्यावर असताना कावळा उतरलाच. साळुंकीचा जीव टांगणीला लागला. कावळा अंड्यांच्या शेजारून चालत गेला, एक खडा उलटवून पाहिला आणि कंटाळून उडाला.

टिटवी परतली, तेव्हा एका अंड्यात आतून चोच वाजत होती.